दात सुनेचा, हाडं मुलीची

माझा वरचा पुढचा दात पडला तो मुळासकट, एका तुकड्यात आणि रक्ताचा थेंबही न सांडता पडला. हे मी जरा अभिमानानेच सांगते. अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईच्या हातून काम अर्धवट राहत नाही. चुसकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला मुलं-नातवंडं येऊन गेली होती, उरलेलं सगळं मी दोन दिवस संपवत होते. तिसऱ्या दिवशी भांड्याच्या तळाला लागलेली भाताची खरवड चावताना काहीतरी कडक लागलं. मला वाटलं, खडा. तांदूळवाल्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावून झाले. मग जीभ फिरवली आणि मनातल्या मनातच त्याची माफी मागितली.

सत्तरीच्या उंबरठ्यावर एक दात जाणं ही काही मोठी गोष्ट नाही. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ज्येष्ठांची खोली आहे. तिथे रोज दुपारी चौदा बायका बसतात. त्या सगळ्यांचे मूळचे दात गोळा केले तर दोन तोंडं जेमतेम भरतील. पण त्या पत्ते खेळतात. मी पाढे शिकवते.

आमच्या जेचन शहराच्या उत्तर टोकाला मुलांचं एक केंद्र आहे. ज्यांचे आईवडील संध्याकाळपर्यंत कामावर असतात ती मुलं शाळा सुटली की तिथे येतात. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातल्या तीन दुपारी दुसरीच्या अकरा मुलांकडून मी तिथे पाढे म्हणून घेते. पाढे वाचून येत नाहीत. ते म्हणावे लागतात, एका सुरात, डोलत डोलत. आता आमच्या कोरियन भाषेत तीन, चार आणि दहा हे तिन्ही आकडे ‘स’नेच सुरू होतात आणि ‘स’ हा अक्षरांमधला सगळ्यात परावलंबी प्राणी, पुढच्या दातांवाचून त्याचं पान हलत नाही. दात पडल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी तीनचा पाढा सुरू केला. तीन चोक बारा म्हणताना तोंडातून सलग तीन शिट्ट्या झाल्या, कुकर उतरवायची वेळ झाल्यासारख्या.

मुलांना इतका आनंद मी आठ वर्षांत दिला नव्हता. अकरांपैकी सात जणांचे दुधाचे दात पडलेले होते. त्यांना शिट्टी आपोआप जमली. ज्यांचे दात शाबूत होते ती बिचारी ओठांचा चंबू करून बरोबरीला यायचा प्रयत्न करत होती.

“बाई, दात छपरावर टाकला का?” गाउलने विचारलं. गाउल म्हणजे पहिल्या ओळीत बसणारी, प्रत्येक गोष्टीला दुसरा प्रश्न असलेली मुलगी. “टाकला की पक्षी नवा आणून देतो. माझा आणला बघा, अर्धा.”

“मी सहाव्या मजल्यावर राहते गं. छप्पर पंधराव्याच्या वर आहे.”

“मग लिफ्टने जा.”

उत्तर बिनचूक होतं. मी तिला शाबासकी दिली आणि विषय बदलला.

आठवड्याभरात तक्रारी आल्या. एका आजीचं म्हणणं असं की नात संध्याकाळी पाढे म्हणते आणि अंधार पडल्यावर घरात शिट्टी वाजली की साप येतो, हे बाईंना माहीत नसेल तर त्या शिकवतात काय? एका वडिलांनी कळवलं की त्यांच्या चिरंजिवाने जेवताना आजोबांना तोंडावर शिट्टी मारली आणि वर सांगितलं की गृहपाठ आहे.

केंद्राचा प्रमुख बान सांगजुन. वय चौतीस. दुसरीत माझ्याच वर्गात होता आणि सातचा पाढा त्याला शेवटपर्यंत आला नाही. अशी मुलं पुढे प्रमुख होतात, हा माझा अनुभव आहे. ज्यांना येतो ती हाताखाली काम करतात.

“बाई, तुमच्यासारखं शिकवणारं दुसरं कोणी नाही,” तो म्हणाला. हे वाक्य ऐकलं की माणसाने पुढच्या वाक्यासाठी खुर्ची घट्ट धरावी. “पण पालक बोलतात. मार्चपासूनच्या वर्गावर कोण शिकवणार त्यांची नावं मला जानेवारीअखेर वर पाठवायची असतात. तोवर दाताचं काहीतरी बघाल ना?”

“बघते.”

“म्हणजे तुम्हाला काढायचा प्रश्नच नाही.”

“मी विचारलं नव्हतं, सांगजुन.”

तो लाल झाला. लहानपणीही असाच व्हायचा. पण मला कळायचं ते कळलं. दात आला तर वर्ग राहणार, नाही आला तर मी तळमजल्यावर पत्ते शिकणार. या वयात पत्ते शिकायची मला हौस नव्हती.

नेमकं त्याच सुमारास सुवनहून सुनेचा फोन आला. माझी सत्तरी नोव्हेंबरात होती. मुलगा थेग्यू आणि सून ह्येजू यांनी मला बेटावर सहलीला न्यायचं ठरवलं होतं. दाताची बातमी कळताच ह्येजूने बेत बदलला.

“आई, सहल रद्द. सत्तरीची भेट म्हणून आम्ही तुम्हाला दात बसवून देणार. पक्का, स्क्रूवाला. खोटा-बिटा नाही.”

सुनेने स्वतःहून दिलेली वस्तू नाकारू नये, कारण ती पुन्हा मिळत नाही आणि नाकारल्याचं मात्र विसरलं जात नाही. मी हो म्हटलं. अडचण एकच होती. माझी हाडं आधीच मुलीच्या नावावर होती.

मीरान, माझी मुलगी, बुसानला असते. दोन वर्षांपूर्वी माझ्या हाडांची तपासणी झाली, त्यात हाडं वाळल्या पावासारखी ठिसूळ झाल्याचं निघालं. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी हाडं टिकवायचं एक इंजेक्शन मला मिळतं, एप्रिलअखेर आणि ऑक्टोबरअखेर. ते तिच्याकडून. “दादा-वहिनी सणाला फळांची पेटी देतात, मी पाठीचा कणा देते,” असं ती एकदा म्हणाली होती. सुदैवाने वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात होती. दुर्दैवाने आमचं स्वयंपाकघर लहान आहे.

आता सल्ला. आमच्या इमारतीत सल्ला मागावा लागत नाही, लिफ्टमध्ये शिरलं की मिळतो. तिसऱ्या मजल्यावरच्या प्यो ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. त्यांनी हयातभर विमा विकला. वरचे खालचे मिळून त्यांना आठ स्क्रूचे दात आहेत आणि सफरचंद सुरीने कापून खाणाऱ्या माणसाकडे त्या दयेने बघतात.

“दवाखान्यात एक फॉर्म देतात,” त्या म्हणाल्या. “त्यात साखर, रक्तदाब वगैरे. खालून तिसरा प्रश्न हाडांच्या औषधाचा. तिथे काही लिहू नका.”

“का?”

“माझ्या नणंदेला त्याच प्रश्नावरून परत पाठवलं. ते औषध चालू असताना जबड्यात भोक पाडलं तर कधीकधी जखम भरत नाही म्हणे, हाड सडतं. हजारांत एखाद्याचं. पण डॉक्टर घाबरतात.”

“मग खरं तेच लिहायला नको का?”

“मिन बाई, मी तीस वर्षं लोकांचे फॉर्म भरले. रिकाम्या जागेने कोणाचं वाईट झालेलं मी बघितलं नाही.”

सुनेने निवडलेला दवाखाना बसस्थानकासमोरच्या इमारतीत होता. त्या इमारतीत चार मजल्यांवर दातांचे दवाखाने आहेत आणि तळमजल्यावर गोड पावांचं दुकान. एकमेकांना धरून चाललेला असा संसार मी दुसरा पाहिला नाही. स्वागताला एक चुणचुणीत मुलगी होती. ती मला दर वाक्याला ‘आई’ म्हणत होती. तिला जन्म दिल्याचं मला आठवत नव्हतं, पण वयोमानाने राहूनही गेलं असेल.

“आई, इथे बसा. आई, इथे सही. आई, पासष्टच्या पुढे दोन दातांचा बराचसा खर्च सरकार उचलतं. नाव आमच्याकडे नोंदवलं की मग दुसऱ्या दवाखान्यात जाता येत नाही बरं का, आई.”

“आणि तिसरा पडला तर?”

“आयुष्यात दोनच, आई.”

म्हणजे तिसऱ्याला सरकार फक्त हळहळतं. मी फॉर्म घेतला. खालून तिसरा प्रश्न होताच. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की जागा रिकामी सोडू नका, येत नसेल तर तसं लिहा. त्या चौकोनाकडे मी बराच वेळ पाहिलं आणि पान उलटलं. एक सांगते, परीक्षेत नक्कल करणारा मुलगा पान इतक्या घाईने का उलटतो, हे मला त्या दिवशी, शिक्षकी सोडून आठ वर्षांनी कळलं.

शस्त्रक्रिया ऑक्टोबरच्या मध्याला ठरली. मला खुर्चीत आडवं केलं, तोंडावर भोकाचं हिरवं कापड घातलं, दिवा लावला. डॉक्टरांनी सुई उचलली. आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला. कोपरात सरळ, बोटं जुळलेली, जसा मी मुलांना शिकवते तसा.

“दुखतंय का, आई?” डॉक्टरही आईच म्हणाले. त्या दवाखान्यात मला बरीच मुलं झाली.

“अजून काही केलं नाहीत तुम्ही. मला एक उत्तर बदलायचंय.”

कापडाच्या भोकातून मी इंजेक्शनचं सांगितलं. आधी दिवा विझला, मग खुर्ची वर आली. स्वागतावरची मुलगी दारात येऊन म्हणाली, “अहो आई, आधी सांगायचं ना,” आणि तिच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला, वही घरी विसरलेल्या मुलाशी बोलतानाचा.

डॉक्टर म्हणाले, “हाडांच्या डॉक्टरांचं पत्र आणा. आणि ऑक्टोबरचं इंजेक्शन तूर्त घेऊ नका. आधीच्या इंजेक्शनचा जोर ओसरू दे, मग आपण जानेवारीत बघू.”

जानेवारी. नावं पाठवायच्या आत. मी पत्र आणायला गेले.

हाडांच्या डॉक्टरांकडे दीड तास बसलं की दोन मिनिटं मिळतात. पहिलं मिनिट ते संगणकाकडे बघतात. “दाताला आमची हरकत नाही,” ते म्हणाले. “पण इंजेक्शनची तारीख चुकवू नका.”

“समजा, थोडी पुढे गेली तर? किती चालेल?”

“चुकवू नका,” ते म्हणाले, तोवर परिचारिकेने पुढच्या माणसाला आत घेतलं होतं. ‘का’ हा प्रश्न माझ्या तोंडातच राहिला. वर्गात एखाद्या मुलाचा ‘का’ मी असा दारातून बाहेर काढला असता, तर मला रात्री झोप आली नसती. त्यांना येत असावी.

पत्र खिडकीतून मिळालं. मी ते बसमध्ये उघडलं आणि सवयीने पेन्सिल काढली. ‘दंतशस्त्रक्रियेस आमच्या बाजूने हरकत नाही. औषध थांबवू नये. अंतिम निर्णय दंतवैद्यांनी घ्यावा.’ दातांच्या डॉक्टरांनी ते वाचून लिहिलं, ‘औषध चालू असताना शस्त्रक्रिया सुरक्षित असल्याचा उल्लेख नाही. कृपया तसे स्पष्ट करावे.’ ते घेऊन मी परत दीड तास बसले. यावेळी आत गेलेच नाही, पत्रच आत गेलं आणि पत्रच बाहेर आलं. ‘पूर्वीच्या पत्रात नमूद केल्याप्रमाणे.’ दोघांच्याही उत्तरांखाली मी बारीक अक्षरात शेरा मारला, ‘प्रश्न वाचून उत्तर लिहा.’ मग तो खोडला. डॉक्टर मोठी माणसं. शिवाय माझ्या एका जबड्याची आणि एका कण्याची चावी दोघांकडे अर्धी अर्धी होती.

या पत्रांच्या येरझारांत ऑक्टोबर संपला.

“बघा ना, तारीख उलटली,” मी प्यो ताईंना म्हटलं.

“मग उलटू दे की. हप्त्याची तारीख उलटली म्हणून कोणाचा विमा लगेच बंद पडतो का? महिना, दोन महिने सवलत असतेच. कागदावर छापलेली तारीख ही घाबरवायला असते, मिन बाई. मी स्वतः छापून घ्यायचे.”

हे मला पटलं. तुम्ही हसाल, पण त्यांच्या बोलण्यात तीस वर्षांचा अनुभव होता आणि डॉक्टरांच्या बोलण्यात दोन शब्द. हाडांनाही कोणीतरी सवलत देत असेल, असं मी धरून चालले. शिकलेली बाई अडाणीपणा करते तेव्हा तो नीट मुद्देसूद करते.

मीरानचा फोन आला. “इंजेक्शन घेतलंस?”

“घेतलं.”

“दुखलं?”

“मुंगी चावल्यासारखं.”

मुंगी सांगायची गरज नव्हती. खोटं बोलणारी मुलंही तिथेच सापडतात. शेवटचं एक वाक्य जास्त बोलतात. पण मीरान शिक्षिका नाही, शाळेच्या मुलांचं जेवण ठरवते. तिने विश्वास ठेवला.

सत्तरीचं जेवण झालं. मधोमध मी, डावीकडे सून, उजवीकडे मुलगी, म्हणजे दात डावीकडे आणि हाडं उजवीकडे. ह्येजूने सगळ्यांना दाताची बातमी दिली.

“वा, वहिनी,” मीरान म्हणाली. “दिसणारी भेट दिलीत हो. आमची आतच राहते.”

“आतली पण लागतेच की, वन्सं. आईंना उभं राहायला नको का, दात दाखवायला?”

“तेच म्हणते मी. दातांच्या डॉक्टरांना इंजेक्शनचं सांगितलं ना, आई?”

“सगळं सांगितलं,” मी म्हणाले, आणि हे अक्षरशः खरं होतं. हाडांच्या डॉक्टरांना काय सांगितलं नाही, ते कोणी विचारलं नाही. थेग्यू मुळ्याच्या फोडी खात होता. माझा मुलगा बहीण आणि बायको बोलत असताना नेहमी मुळा खातो.

डिसेंबरात गाउलचा दात पुरा आला. रोज वर्गात आल्यावर ती माझ्या तोंडात डोकावून बघायची आणि मान हलवून जागेवर बसायची. “बाई, तुमचा पक्षी आळशी आहे,” असं एकदा म्हणाली. मी शिट्टी टाळण्यासाठी तीन-चारचे पाढे मुलांकडूनच म्हणवून घेत होते आणि स्वतः पाच, आठ, नऊ असे सभ्य आकडे तेवढे म्हणत होते. सांगजुन दारातून जाताना थांबायचा, ऐकायचा, घड्याळ बघायचा.

दाताची तारीख सोळा जानेवारी ठरली. चौदा तारखेला बर्फ पडला. मुलं घरी जायला निघाली होती. एका छोट्याचा बूट निघेना म्हणून मी खाली वाकले. ओझं काहीच नव्हतं. एका सात वर्षांच्या मुलाचा एक ओला बूट. पाठीत कोणीतरी वाळकी काटकी मोडल्यासारखं झालं आणि मी बूट हातात धरून तशीच राहिले. सरळ होता येईना, बसता येईना. मुलांना वाटलं, खेळ आहे. दोघं-तिघं माझ्यासारखी वाकून उभी राहिली.

दोन मणके दबले होते. हाडांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी मला दोनांऐवजी पूर्ण वीस मिनिटं दिली. माणसाने एकदम दोन मणके मोडून यावं, मग वेळ मिळतो.

“ऑक्टोबरचं इंजेक्शन कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“राहिलं.”

“हे इंजेक्शन म्हणजे बांध आहे, आजी. चालू असेपर्यंत हाडं धरून ठेवतं. वेळेवर पुढचं मिळालं नाही तर बांध फुटतो, अडवून ठेवलेली झीज सगळी एकदम होते. शेवटच्या इंजेक्शनपासून नऊ महिन्यांत मणके असे मोडलेले मी पुष्कळ बघितलेत. म्हणून तर म्हटलं होतं, चुकवू नका.”

हे एवढंच ऑक्टोबरात सांगितलं असतं तर एक मिनिट लागलं असतं. मी ते बोलले नाही. चूक माझीच होती. कोणी विचारलं तर मी अजूनही तसंच सांगते.

माझी मुलं धावत आली. खाटेच्या एका बाजूला ह्येजू, एका बाजूला मीरान.

“मला इंजेक्शनचं कोणी सांगितलंच नाही,” ह्येजू म्हणाली.

“मला थांबवल्याचं कोणी सांगितलं नाही. घेतलं म्हणाली. मुंगी म्हणाली.”

“म्हणजे आमच्या दातामुळे झालं असं म्हणायचंय का, वन्सं?”

“मी दाताचं नाव घेतलं का?”

“आई,” थेग्यू म्हणाला, कारण त्या खोलीत मुळा नव्हता, “या वयात तुला एवढी घाई कसली होती दाताची?”

तिघंही माझ्याकडे बघत होते. चार महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. मी म्हटलं, “मार्चच्या वर्गाची नावं जाणार होती.” कोणाला काही कळलं नाही. मीरानने उशी सारखी केली.

पंधरा तारखेला स्वागतावरच्या मुलीचा फोन आला. “आई, उद्याची वेळ लक्षात आहे ना?” मी पाठीचं सांगितलं, आजच इंजेक्शन दिलं तेही सांगितलं. “अगं बाई. मग आता काही महिने नाहीच जमायचं. पण काळजी करू नका आई, तुमचं नाव आमच्याकडेच नोंदलेलं आहे.”

फेब्रुवारीअखेर मी पाठीला पट्टा बांधून बाजारात गेले. मासळीवाल्यांच्या गल्लीत एक म्हातारे दंतवैद्य आहेत, एक खुर्ची, एक खिडकी. मी म्हटलं, मला हाडांचं इंजेक्शन चालू आहे, नुकतंच घेतलंय, मणके मोडलेत, आणि मला तीन चोक बारा म्हणायचंय.

“काढता-घालता येणारा दात करून देतो,” ते म्हणाले. “शेजारच्या दातांना आकडी. जबड्याला हात लावायचा नाही. घासला-बिसला तर लगेच दाखवायला या, तुमच्या बाबतीत जखम होऊ द्यायची नाही. आठवड्याने या.”

“हे आधी कोणी का नाही सांगितलं?”

“तुम्ही काय मागितलंत?”

“मला पक्का दात द्यायचं ठरलं होतं. भेट होती.”

“मग तेच दाखवलं असणार त्यांनी,” ते म्हणाले आणि साच्यासाठी गुलाबी चिखल कालवायला लागले.

आठवड्याने दात आला. शिट्टी गेली. मार्चच्या पहिल्या सोमवारी मी केंद्रात गेले. दारातच सांगजुनला तीनचा पाढा म्हणून दाखवला, एक ‘स’ वाकडा नाही.

तो ऐकत राहिला. मग त्याने टेबलावरचा एक कागद माझ्याकडे फिरवला.

“बाई, वरून आरोग्याचा नवा नमुना आलाय. सहा महिन्यांत हाड मोडलेलं नसावं. मुलांबरोबर जमिनीवर बसता-उठता यावं. मी विचारून बघितलं. ऐकत नाहीत.”

“मी खुर्चीवर बसेन.”

“खुर्चीचा रकाना नाही, बाई.”

“नाव कोणाचं पाठवलंस?”

तो परत लाल झाला. “तुमच्याच इमारतीतल्या आहेत. जानेवारीत तुम्ही दवाखान्यात होतात ना, तेव्हा स्वतः आल्या. म्हणाल्या, बाईंची जागा रिकामी राहू नये.”

प्यो ताईंना खरंच वाईट वाटलं होतं, यात मला शंका नाही. त्या पहिल्याच संध्याकाळी गोड पाव घेऊन माझ्याकडे आल्या. दाणकन खाली बसल्या आणि लगेच टुणकन उठून दाखवलं. मग म्हणाल्या, “मिन बाई, मला विमा येतो, पाढे येत नाहीत. मुलांचं नुकसान नको व्हायला. तुम्ही मला जरा सांगत जा.”

नाही म्हणता आलं असतं. पण वर्गात अकरा नवी मुलं होती. मग रोज संध्याकाळी मी प्यो ताईंना पाढे शिकवू लागले. कुठला आधी घ्यायचा, डोलायचं कुठे, चुकलं तर त्याच मुलाला परत कसं विचारायचं की त्याला ते चुकल्यासारखं वाटू नये. हुशार बाई. गृहपाठ मात्र करत नाहीत.

गेल्या मंगळवारी त्या अडचण घेऊन आल्या.

“ती गाउल. आता ती तिसरीत गेली, तरी येऊन बसते मागे. आज विचारते, सात आठे आणि आठ साते एकच का? मी म्हटलं, पुस्तकात तसंच आहे. तर म्हणते, ते मला दिसतंय, पण का?”

मी उठले, हळूहळू, पट्टा सावरत. लाल चवळीची बरणी आणि एक चौकोनी ताट घेतलं. ताटात चवळीच्या सात ओळी मांडल्या, प्रत्येक ओळीत आठ. छप्पन्न दाणे मांडायला मला वेळ लागला, कारण मान फार खाली जात नाही.

“किती ओळी?”

“सात.”

मी ताट उचललं नाही, नुसतं एक चतुर्थांश फिरवलं.

“आता?”

प्यो ताईंनी बोटाने ओळी मोजल्या. “आठ,” त्या म्हणाल्या. “अहो, दाणे तेच आहेत की.”

“तुम्ही सांगू नका. ताट फिरवा आणि गप्प बसा. ती सांगेल.”

त्यांनी चवळी कागदात बांधून नेली.

काल संध्याकाळी त्या जिना चढतानाच हसत होत्या. “मिन बाई, काय सांगू, मुलांनी टाळ्या पिटल्या. ती गाउल तर तीनदा ताट फिरवून बघायला उठली. आणि बान साहेब दारात उभे. म्हणाले, प्यो बाई, इतक्या वर्षांत मला हे असं कोणी दाखवलं नाही. कुठून शिकलात?”

हे त्याला मी दाखवलं होतं. दुसरीत असताना, दोनदा.

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? म्हटलं, अहो, सुचलं.” आणि त्या आठही दात दाखवून हसल्या. आपण दोघींनी मिळून त्याला कसं फसवलं, अशा खुषीत माझ्या हातावर टाळी द्यायला हात पुढे केला.

मी टाळी दिली. मीही हसले, चांगली तोंडभर हसले. दात करून घेतल्यापासून तो खरा कामाला आला तो तेव्हा.

“आता नऊचा पाढा,” मी म्हटलं. “बसा.”